पाटावरचा हत्ती

आमच्या घरी भोंडल्याचा हत्ती काका काढायचे. घटस्थापनेच्या दुपारी आजी फळीवरून शिसवी पाट उतरवायची, ओल्या फडक्यानं पुसायची, आणि काका रांगोळीची वाटी घेऊन समोर मांडी घालून बसायचे. आधी पाठीची कमान, एका दमात, चिमूट कुठेही न अडखळता. मग वर उचललेली सोंड, मग पाय, शेपटी, पाठीवरची झूल. डोळा सगळ्यात शेवटी. तो काढताना ते श्वास रोखून धरायचे, आणि आम्ही चौघीही रोखून धरायचो. चौघी म्हणजे आमच्या घरातल्या ताई आणि मी, आणि काकांच्या मधली आणि धाकटी. सख्ख्या-चुलत हा हिशेब आम्हाला शाळेत फॉर्म भरताना कळला.

ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत, बारा बंगल्याच्या अलीकडे एका चाळीत आमच्या दोन लागून लागून खोल्या होत्या. वडील आणि काका 1966 साली तिथे बिऱ्हाड करून राहिले. मधल्या भिंतीत दार पाडून घेतलेलं, त्यामुळे चुली दोन असल्या तरी घर एकच. एका अंगाला मीठबंदराचा रस्ता आणि खाडी, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ. चेंदणीचा कोळीवाडा रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे. 1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली ती याच अंगानं. बाजार, तलाव, सिनेमा, कोर्ट, सगळं रुळांपलीकडे. त्यामुळे आमच्या बोलण्यात पश्चिम ठाण्याला नावच नव्हतं. ‘पलीकडे’ म्हटलं की झालं. ‘आई पलीकडे गेलीय’ म्हणजे भाजी आणायला.

आजी पुण्याची, म्हणून आमचा भोंडला. आई सांगलीकडची, ती त्याला हादगा म्हणायची. तिच्या माहेरी तो हस्ताच्या पावसासोबत सोळा दिवस चालायचा आणि भिंतीवरच्या चित्राला फळाफुलांच्या माळा चढायच्या. काकू जळगावची. तिच्या भुलाबाई भाद्रपदातल्या पौर्णिमेला बसायच्या त्या थेट कोजागिरीला उठायच्या, आणि फेराऐवजी टिपऱ्या. एका घरात तीन रिती. आजीनं निकाल दिला होता की पाट पुण्याचा, माळा सांगलीच्या आणि शेवटच्या दिवशी टिपऱ्या जळगावच्या. चाळीच्या अंगणात संध्याकाळी पाट मांडला की आजूबाजूच्या मुली जमायच्या. कोळीवाड्यातल्या दोघी यायच्या. फाळणीनंतर कोपरीत येऊन वसलेली सिंधी घरं पलीकडच्याच गल्लीत होती, तिथल्याही मुली यायच्या. मराठी शब्द त्यांना अर्धेच कळायचे, पण फेरात पाय बरोबर पडायचा. त्यांच्यापैकी एकीच्या आईनं एकदा खिरापत आणली होती, गूळ घालून लाटलेली जाड, खरपूस लोली. आम्ही डबा हलवून आवाज ऐकला, वास घेतला, गोड की तिखट विचारलं, पन्नासेक पदार्थांची नावं घेतली, आणि हरलो. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद अजून डोळ्यांसमोर आहे. मधली म्हणते त्यावर खसखस होती. मला आठवते ती नुसती वेलची.

आमचं सगळ्यात लाडकं गाणं ‘श्रीकांता कमलाकांता’. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलींना ते पाठ असेल. एका वेड्याची बायको रोज काहीतरी रांधते आणि वेडा डोकावून पाहतो. लाडवांचे चेंडू करतो, करंज्यांच्या होड्या करून पाण्यात सोडतो, शेवयांना गांडुळं समजतो. प्रत्येक कडव्यात नवा पदार्थ आणि नवा घोटाळा. आम्ही त्यात आमचेही घालायचो. चकलीचं चाक ताईनं घातलं होतं. हसून हसून फेर तुटायचा. आणि मग शेवटचं कडवं. वेड्याची बायको झोपलेली असते. तो येतो, डोकावून पाहतो, ती मेली असं समजतो आणि तिला जाळून टाकतो. त्यावरही आम्ही तितक्याच हसायचो. चाल तीच, ठेका तोच, हात तसेच एकमेकींच्या हातात. पाच ते अकरा वर्षांच्या मुली एका बाईला जिवंत जाळत होत्या आणि पुढचं गाणं कुठलं यावर भांडत होत्या.

त्या वयात आम्हाला काहीच खटकलं नाही, हे मी आज लपवणार नाही. आमच्या आयांनाही त्यांच्या लहानपणी खटकलं नव्हतं.

1975 च्या श्रावणात काका आजारी पडले. रात्री उठून भिंतीशी बोलायचे. कारखान्यातले साहेब पंख्यातून आपल्याशी बोलतात म्हणायचे. काकू पंखा बंद करायची, आणि घामाच्या धारांत सगळे झोपायचे. मग एका सकाळी वडील आणि शेजारचे दोघं काकांना घेऊन पलीकडे गेले आणि संध्याकाळी काकांशिवाय परत आले. काकांना ‘दवाखान्यात’ ठेवलंय एवढंच आम्हाला सांगितलं.

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. ठाण्याबाहेरच्या माणसाला ठाण्याची दुसरी काही ओळख नसली तरी ही असते. लग्नात कुणी विचारायचं, ‘तुम्ही कुठल्या?’ आम्ही म्हणायचो, ‘ठाण्याच्या.’ की लगेच कुणीतरी हसायचं, ‘ठाण्याला? कुठल्या वॉर्डात?’ उभ्या महाराष्ट्रात कुणी विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात. त्या वर्षापासून आम्ही चौघी ‘ठाण्याच्या’ म्हणेनाशा झालो. ‘कोपरीच्या’ म्हणायचो. कोपरी कुठे आहे हे कुणाला माहीत नसायचं, आणि तेच बरं वाटायचं.

त्या नवरात्रात आजीनं स्वतः हत्ती काढायला घेतला. सोंड काही केल्या जमेना. तीनदा पुसली, शेवटी कुंकवाच्या बोटानं नुसता आकार केला. संध्याकाळी फेर धरला, ‘ऐलमा पैलमा’ झालं, आणि आम्ही श्रीकांता सुरू करणार तोच आजी ओट्यावरून म्हणाली, ‘ते नको.’ का, ते सांगितलं नाही. आजीला ‘का’ विचारायची सोय नव्हती. आमच्या घरातली गाण्यावरची ती पहिली आणि एकुलती एक बंदी.

मग आम्ही काय केलं? दुसऱ्या दिवशी शेजारच्या चाळीतल्या भोंडल्याला गेलो आणि तिथे ते गाणं दोनदा म्हटलं. मोठमोठ्यानं म्हटलं, कारण घरी म्हणता येत नव्हतं. दोन चाळींमध्ये पंधरा पावलांचं अंतर आणि काकूच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला. त्या फेरात धाकटीही होती. सहा वर्षांची. आपले बाबा कुठल्या दवाखान्यात आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती सगळ्यात जोरात म्हणत होती. लाडवांच्या कडव्याला तिला इतकं हसू आलं की उचकी लागली, हे आम्हा तिघींनाही लख्ख आठवतं. एरवी आमचं एकाही आठवणीवर एकमत होत नाही.

दिवाळीच्या आधी काका घरी आले. हात थरथरायचे, तो गोळ्यांचा परिणाम, हे आता कळतं. पुढच्या वर्षी मात्र पाट समोर घेऊन बसले आणि पाठीची कमान एका दमात काढली. आजीनं ‘आता म्हणा’ असं कधी सांगितलं नाही. बंदी उठल्याचं कुणी बोललं नाही. आम्हीच हळूच पुन्हा म्हणायला लागलो. त्या गाण्याच्या वेळी काकू उठून आत जायची. ‘खिरापतीवर ताट झाकलं का बघते,’ म्हणायची. दरवर्षी. खिरापतीवर ताट आधीच झाकलेलं असायचं, नाहीतर आम्हाला ती ओळखायला कशी घातली असती?

काका 1998 साली गेले, झोपेत. तोवर त्यांनी पुन्हा एकाही वर्षी हत्ती चुकवला नाही. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी काकू एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, ‘त्या जाळण्याचं मला काही वाटायचं नाही गं. गाणं आहे, त्यात काय. पण लाडवाला तुम्ही सगळ्या हसायच्यात ना, ते वाटायचं. आतल्या खोलीत त्यांनाही ऐकू यायचं.’

मला आजवर कुणी इतकं सरळ ऐकवलेलं नाही.

आता दुसरी आठवण. ती सांगायला जड जाते, पण त्या गाण्याबद्दल बोलायचं तर ती टाळता येत नाही. 1980 च्या सुमाराला आमच्या गल्लीत एक नवी सून आली. गोरी, ठेंगणी, सतत पदर सावरणारी. दोन वर्षं ती आमच्या भोंडल्याला आली. तिच्यामुळे आम्हाला ‘यादवराया’चा दुसरा शेवट कळला. त्या गाण्यात रुसून माहेरी बसलेल्या राणीला समजवायला सासरची एकेक माणसं जातात, एकेक दागिना देऊ करतात, ती काही ऐकत नाही. सगळ्यात शेवटी नवरा जातो. आमच्याकडे नवरा मंगळसूत्र घेऊन जायचा. तिच्या गावाकडे तो लाल चाबूक घेऊन जायचा, आणि राणी मुकाट घरी यायची. तिनं ते तिच्या चालीवर म्हटलं तेव्हा आम्ही म्हणालो, ‘चुकलं, चुकलं, मंगळसूत्र!’ ती हसून म्हणाली, ‘आमच्याकडं हेच म्हणतात.’

1982 च्या जानेवारीत एका पहाटे गल्लीत आरडाओरडा झाला. स्टोव्हचा भडका, असं सगळे म्हणाले. पेपरात रोजच तसं यायचं. ‘स्टोव्हच्या भडक्यानं विवाहितेचा मृत्यू’ या ओळीशी आमची पिढी अक्षरओळखीइतकी सरावलेली होती. आमच्याकडे पितळी पंपाचा स्टोव्ह होता. त्याचं तोंड चोंदलं की पिन घालायची, जास्त पंप मारला की तो गुरगुरायचा, आणि आई आम्हाला दूर हो म्हणायची. तो फुटतो हे आम्हाला पटण्यासारखं होतं. पण संक्रांतीच्या आधी ताई तिच्याकडे तिळगुळासाठी तीळ कुटायचा खलबत्ता मागायला गेली होती. भडक्याचं ऐकून ती आईला एवढंच म्हणाली, ‘त्यांच्याकडे पंपाचा नाही गं. वातीचा आहे.’ आईनं तिला जवळ ओढलं आणि तोंडावर हात ठेवला. पंचनामा झाला, ते लोक वर्षभरात जागा सोडून गेले. काय घडलं हे आम्हाला माहीत नाही, आणि कुणावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. मला माहीत आहे तो वातीचा स्टोव्ह, आणि ताईच्या तोंडावरचा आईचा हात.

त्या वर्षीच्या भोंडल्याला ताई पंधरा वर्षांची होती, फेर धरायचं वय जवळजवळ सरलेलं. तरी सुरुवात तीच करून द्यायची. श्रीकांता सुरू झालं. लाडू झाले, करंज्या झाल्या, शेवया झाल्या. शेवटचं कडवं यायच्या आधी ताईनं दुसरं गाणं उचललं. आम्ही तिच्या मागोमाग गेलो. कुणीही ‘शेवटचं राहिलं’ म्हटलं नाही. आजीचा हुकूम मोडून आम्ही गाणं शेजारी जाऊन म्हटलं होतं. या वेळी कुणाचा हुकूम नव्हता, आणि ते कडवं कुणाच्याही तोंडून निघालं नाही.

पुढच्याच वर्षी, 1983 च्या अखेरीस, दंडविधानात 498-अ कलम आलं. नवऱ्याकडून आणि सासरच्यांकडून होणारा छळ हा पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा ठरला. 1986 साली हुंडाबळीचं 304-ब आलं. त्याच काळात स्त्रीमुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक गावोगाव चाललं होतं. आम्ही ते पलीकडे एका पटांगणात, जमिनीवर बसून पाहिलं. ना पडदा, ना नेपथ्य. साध्या साड्यांतल्या बायका ओळखीच्या चाली वापरून गात होत्या, आणि शेजारी बसलेली आई रडत होती. ताई त्या रात्री घरी येऊन म्हणाली, ‘आपण ते कडवं गाळायला नको होतं.’ मी चिडले. तिनंच तर गाळलं होतं! तिचं म्हणणं असं की आपण गाळलं कारण आपण घाबरलो. आपल्या गल्लीतली सून मेली आणि आपण तिच्याबद्दलचं एकमेव गाणं मुकं केलं.

ती आणि मी तेव्हापासून यावर वाद घालतो आहोत, आणि गेल्या वर्षी तो पुन्हा पेटला. चाळ पाडून तिथे इमारत झाली, तिच्या गच्चीवर आता नवरात्रात एक संध्याकाळ भोंडला होतो. स्पीकर असतो, यूट्यूबवरची गाणी लागतात. महिला मंडळाच्या ग्रुपवर एका तरुण आईनं लिहिलं की हे गाणं या वर्षापासून बंद करा, माझी चार वर्षांची मुलगी ‘जाळून टाकलं’ म्हणत घरभर नाचते. खाली लगेच परंपरा, संस्कृती, ‘आम्ही नाही का बिघडलो’ अशी रांग लागली. मला त्या आईचं म्हणणं एका क्षणात पटलं आणि परंपरावाल्यांचा राग आला. ‘आम्ही नाही का बिघडलो’ असं म्हणणारीनं आपल्या घरातली काकू पाहिलेली नसते.

तरीही मला बंदी नको आहे.

वडील त्यांचा एक अनुभव नेहमी सांगायचे. 1952 साली बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीतावर जीव असलेला, आणि मराठी. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात या कळकळीनं त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. ज्यांच्याकडे चांगला रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर सगळी मुलं बुधवारी रात्री आठ वाजता जाऊन बसायची. खरखर, सुई इकडेतिकडे, आणि मग रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींची बिनाका गीतमाला. ‘सरकारनं दार लावलं आणि आम्ही समुद्रापलीकडच्या खिडकीतून ऐकलं,’ असं ते म्हणायचे. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली ती हा श्रोता परत आणायला. वडिलांची ही गोष्ट मला पटते, पण आमच्या गाण्याला ती पुरती लागू होत नाही. सिनेमाच्या गाण्याला कवी असतो, तबकडी असते, बंदी घालायला एक ठरलेला मजकूर असतो. फेरातल्या गाण्याला यातलं काही नाही. मंगळसूत्राचा चाबूक आणि चाबकाचं मंगळसूत्र कुणी केलं? कुठल्या मंडळानं नाही, फेर धरणाऱ्या बायकांनीच. कुणी आधी, कुणी नंतर, कोण जाणे. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवास आहे, मार आहे, उपास आहे. ते सगळं गाळलं तर आपल्या पणज्या कशा जगल्या हे सांगायला दुसरा कागद कुठे आहे? बायांच्या हातात लेखणी नव्हती, दांडा होता जात्याचा.

ताईचा मुलगा इंग्लंडात असतो. त्यानं या वादात आणखी एक गाणं आणून टाकलं. टॉम जोन्सचं 1968 सालचं ‘डिलायला’. वेल्समध्ये रग्बीच्या सामन्यांना हजारो लोक ते एका सुरात म्हणतात. त्यात एक माणूस दगा दिलेल्या प्रेयसीला सुरा खुपसून मारतो. 2023 साली वेल्श रग्बी युनियननं कार्डिफच्या स्टेडियमवरच्या गायकवृंदांना ते गायला मनाई केली. ताईनं ते ऐकलं आणि जे बोलली ते मी अजून मनात घोळवते आहे. ती म्हणाली, ‘ते मारणाऱ्याचं गाणं आहे. आपलं मरणारीचं आहे.’

मी पहिल्यांदाच श्रीकांताचं धृपद नीट ऐकलं म्हणायला हरकत नाही. पन्नास वर्षं म्हटलं, ऐकलं तेव्हा. प्रत्येक कडव्यानंतर ती बायको आपल्या नशिबाला बोल लावते, ‘माझ्या’ नशिबाला. ती स्वतः सांगते आहे. आणि शेवटच्या कडव्यात तिला जाळल्यावरही धृपद येतंच. जळून गेलेली बाई, तरी फेर तिच्याच तोंडानं बोलतो. जिनं हे कडवं पहिल्यांदा रचलं, ती हसवायला बसली होती असं मला आता वाटत नाही. लाडू, करंज्या, शेवया यांच्या आडून तिनं ते आत आणलं, कारण सासूसमोर, ओट्यावर बसलेल्या सासऱ्यासमोर, उघड म्हणायची सोय नव्हती.

पण ताईच्या या बोलण्यानं काकूला उत्तर मिळत नाही, आणि धाकटीला तर नाहीच. धाकटीचं म्हणणं स्पष्ट आहे. संपूर्ण गाणं बंद करा. ‘मी सहा वर्षांची होते आणि मी माझ्याच बाबांना हसले,’ ती म्हणते. ‘तुम्ही बायकोचं बोलता. त्या वेड्याचं कोण बोलणार?’ ती डोंबिवलीत शाळेत शिकवते. तिच्या वर्गात कुणी कुणाला ‘वेडा’ म्हटलं तर ती शिकवणं थांबवते. सरकारनंसुद्धा जुना 1912 चा वेडेपणाचा कायदा मोडीत काढला, 1987 साली मानसिक आरोग्याचा आणला, 2017 साली तोही बदलून नवा केला. कायद्यानं शब्द टाकला, आपण फेरात धरून बसलो, हे तिचं बोलणं मला टोचतं, कारण ते खरं आहे. आमच्या काकांनी कुणाला कधी बोटसुद्धा लावलं नाही. आजारी माणूस म्हणजे जाळणारा माणूस, हे त्या गाण्यानं किती मुलींच्या डोक्यात घातलं असेल. आणि आमच्या गल्लीत जे झालं, तिथे कुणीही आजारी नव्हतं. सगळे शहाणे होते, पंचनाम्यावर सह्या करण्याइतके.

माझं म्हणणं म्हणून मी एवढंच ग्रुपवर लिहिलं. लहान मुलींच्या फेरात हे गाणं नको. लाडवाचं नको आणि जाळण्याचंही नको. त्यांच्यासाठी दुसरी पुष्कळ आहेत. मोठ्या बायका म्हणणार असतील तर पूर्ण म्हणा, शेवटच्या कडव्यासकट, आणि न हसता म्हणून बघा. स्पीकर बंद करून. यूट्यूबवरची चाल थांबत नाही, आपण थांबू शकतो. यावर अंगठे आले, हात जोडलेले आले, एकीनं विचारलं की मग मुलींना काय खेळवायचं. त्या तरुण आईनं मला वेगळा मेसेज केला, ‘मावशी, तुमच्या गल्लीतल्या त्या ताईंचं नाव काय होतं?’ आम्हा चौघींपैकी कुणालाही ते आठवलं नाही. ‘नवी सून’ म्हणायचो तिला आम्ही, दोन वर्षं.

भोंडल्याच्या संध्याकाळी आम्ही चौघी गच्चीवर जमलो. काकू चौऱ्याऐंशीची आहे, तिला लिफ्टनं वर आणून खुर्चीत बसवलं. पाट तोच, आजीचा शिसवी. मंडळानं हत्तीचं रंगीत छापील चित्र आणलं होतं, चिकटवायला पट्टीही आणली होती. काकूनं ते बाजूला ठेवायला सांगितलं आणि धाकटीकडे बघून म्हणाली, ‘तू काढ. बाबांचा हात तुझ्यात आहे.’

धाकटी म्हणाली, तिनं कधीच काढलेला नाही.

‘आधी पाठ,’ काकू म्हणाली. ‘मधे थांबायचं नाही.’

वारा होता, रांगोळी उडत होती. मधली आणि मी दोन बाजूंनी पदर धरून उभ्या राहिलो. खाली कोपरीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. चार वर्षांची ती मुलगी पाटाशी उकिडवी बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. धाकटीनं चिमूट भरली, पाठीची कमान काढली, सोंड काढली, पाय काढले. डोळ्यापाशी येऊन ती थांबली. श्वास रोखून.